चाचण्यांच्या स्क्रिप्ट तपासणारा शेलचेक : तीन वर्षांच्या वापरानंतर

तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधीची साफसफाई चालू असताना मुलुंडच्या आमच्या घरात एक टेबल हातभर सरकवले गेले आणि त्यावरच्या जुन्या डेस्कटॉपला जोडलेल्या बाह्य डिस्कची वायर निघाली. हा डेस्कटॉप मी लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला म्हणून स्वस्तात आणला होता आणि लिनक्सवर बॅकअप घेणाऱ्या एका लहानशा मुक्तस्रोत प्रकल्पाचा सीआय (बदलांची आपोआप होणारी तपासणी) रनर म्हणून तो चोवीस तास चालू असे. कोणी बदल पाठवला की त्यावर चाचण्यांच्या स्क्रिप्ट चालवायच्या आणि निकाल कळवायचा, एवढेच त्याचे काम होते. त्या दुपारी एका बदलावर सगळ्या चाचण्या उत्तीर्ण झाल्याची हिरवी टिक आली. पुढच्या बदलाला मात्र रनरने उत्तरच दिले नाही, कारण तो ज्या होम डिरेक्टरीत बसवलेला होता तिच्यात ठिपक्याने सुरू होणाऱ्या चार फाइलींखेरीज काहीही उरले नव्हते. चाचणीने चाचणी घेणाऱ्यालाच पुसून टाकले होते आणि वर उत्तीर्ण असा शेराही मारला होता.

ज्या चार ओळींनी हे केले त्या माझ्याच हातच्या होत्या. पहिल्या ओळीत एका फंक्शनच्या आत लोकल व्हेरिएबल घोषित करून त्याच दमात त्यात एमकेटेम्प या आज्ञेने बनवलेल्या तात्पुरत्या डिरेक्टरीचे नाव भरले होते. एमकेटेम्प ज्या जागी डिरेक्टरी बनवणार होते ती जागा निघालेल्या डिस्कवर होती, त्यामुळे ते अयशस्वी ठरले. स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट, वजा ई’ होते, म्हणजे कोणतीही आज्ञा फसली की स्क्रिप्टने जागीच थांबायला हवे होते. परंतु घोषणा आणि भरणा एकाच ओळीत असला की शेल (स्क्रिप्टमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) त्या ओळीचा निकाल म्हणून ‘लोकल’ या शब्दाचा निकाल धरतो, आतल्या आज्ञेचा धरत नाही, आणि ‘लोकल’ यशस्वीच झाले होते. व्हेरिएबल रिकामे राहिले. दुसऱ्या ओळीत त्या व्हेरिएबलमधल्या डिरेक्टरीत जाण्यासाठी सीडी ही आज्ञा लिहिली होती, पण अवतरण चिन्हांशिवाय, म्हणून रिकामे मूल्य विरून गेले आणि नुसते सीडी उरले, जे निमूटपणे होम डिरेक्टरीत जाते. तिसऱ्या ओळीतली चाचणी तिथेही व्यवस्थित चालली. चौथी ओळ साफसफाईची होती आणि तिने समोर दिसले ते सगळे साफ केले. घरात त्या दिवशी साफसफाईच चालू होती, हे मला पुढे बरेच दिवस ऐकवले गेले.

त्याच रात्री ती स्क्रिप्ट शेलचेक या, शेल-स्क्रिप्ट वाचून त्यांतल्या चुका दाखवणाऱ्या साधनाला दिली, तेव्हा त्याने पहिल्या आणि दुसऱ्या ओळीखाली पिवळ्या-हिरव्या अक्षरांत दोन शेरे मारले. पहिल्या ओळीसाठी एससी२१५५, म्हणजे घोषणा वेगळी करा आणि भरणा वेगळा करा, नाहीतर आतल्या आज्ञेचा निकाल झाकला जाईल. आणि दुसऱ्या ओळीसाठी एससी२०८६, म्हणजे व्हेरिएबल अवतरणात घ्या. यांतला पहिला शेरा ऐकला असता, तरी स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबली असती. तेव्हापासून आमच्या प्रकल्पातल्या चाळीसएक चाचणी-स्क्रिप्टांपैकी एकही शेलचेकच्या नजरेखालून गेल्याशिवाय मर्ज (मूळ प्रकल्पात सामील) होत नाही.

हे साधन व्हिदार होलेन यांनी हॅस्केल भाषेत लिहिलेले असून जीपीएल या मुक्त परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली ते मोफत मिळते. शेलचेक स्क्रिप्ट चालवत नाही, फक्त वाचतो. त्यामुळे सर्व्हर पुसणारी स्क्रिप्टसुद्धा त्याला निर्धास्तपणे देता येते. तो एसएच, बॅश, डॅश आणि केएसएच या शेलच्या बोली समजतो, २०२४ च्या ०.१०.० या आवृत्तीपासून बिझीबॉक्सचीही बोली समजतो, आणि झेडएसएच मात्र त्याला अजूनही येत नाही. प्रत्येक शेऱ्याला क्रमांक असतो आणि प्रत्येक क्रमांकाचे एक विकी पान असते, ज्यावर चुकीचा नमुना, बरोबर नमुना, कारण आणि अपवाद असे चारही भाग दिलेले असतात. माझ्या मते या साधनाचे खरे मोल त्या पानांत आहे. बॅशची लांबलचक मार्गदर्शिका वाचून जे माझ्या डोक्यात बसले नाही, ते ठाणे ते सीएसएमटी या धीम्या लोकलच्या प्रवासात, रोज एक पान या हिशेबाने, एका पावसाळ्यात बसले.

शेलमध्ये अशा चुका नवशिक्यांच्याच हातून होतात असे समजण्याचे कारण नाही. २०११ मध्ये बंबलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ‘यूएसआर’ या शब्दानंतर एक स्पेस जास्त पडली आणि एनव्हिडियाची एक उपडिरेक्टरी पुसू पाहणाऱ्या आज्ञेने प्रणालीचे बहुतेक प्रोग्राम असलेली अख्खी यूएसआर डिरेक्टरी पुसायला घेतली. २०१५ मध्ये स्टीम या गेम-सेवेच्या लिनक्स आवृत्तीतल्या एका स्क्रिप्टने, मूळ डिरेक्टरीचे व्हेरिएबल रिकामे निघाल्यामुळे, वापरकर्त्याच्या फाइली पुसल्याचे उघडकीस आले. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्यानेच ‘भीतिदायक’ या अर्थाचा इंग्रजी शब्द टिप्पणी म्हणून टाकून ठेवला होता. आजचा शेलचेक या दोन्ही ओळींवर ओरडतो. पहिल्यासाठी एससी२११४ आहे, दुसऱ्यासाठी एससी२११५.

मात्र चाचण्यांच्या स्क्रिप्टांत पुसापुशीपेक्षा वाईट आजार वेगळा असतो आणि शेलचेक मला उपयोगी पडला तो मुख्यतः त्या आजारावर. मूळ प्रोग्राम चुकला तर चाचणी सांगते. चाचणीच चुकली तर कोण सांगणार? लाल फुली आली की कोणीतरी उठून बघते. खोटी हिरवी टिक आली, तर ती महिनोन्‌महिने तशीच राहते आणि प्रत्येक नव्या प्रकाशनाच्या वेळी सगळे जण तिच्याकडे बोट दाखवून समाधान मानतात.

आमच्याकडचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. एका चाचणीच्या सुरुवातीला, यंत्रावरची फाइल सिस्टिम विस्तारित गुणधर्म (फाइलीला जोडलेली जादा माहिती) जपते का हे पाहणारी एक अट होती. जपत असेल तर पुढची चाचणी करायची आणि नसेल तर ‘वगळली’ असे छापून यशस्वी बाहेर पडायचे, अशी रचना होती. अट लिहिणाऱ्याने दुहेरी चौकटी कंस वापरले होते आणि पहिल्या ओळीत शेल म्हणून एसएच लिहिले होते. फेडोरा या लिनक्सवर एसएच म्हणजे प्रत्यक्षात बॅशच असल्याने तिथे सारे ठीक चालले. डेबियन या लिनक्सवर मात्र २०११ च्या स्क्वीझ आवृत्तीपासून एसएच म्हणजे डॅश, आणि डॅशला दुहेरी कंस ठाऊकच नाहीत. त्याला ती एक न सापडलेली आज्ञा वाटली. न सापडलेली आज्ञा अयशस्वी, अयशस्वी म्हणजे अट खोटी, आणि अट खोटी म्हणजे चाचणी वगळली. ‘सेट, वजा ई’सुद्धा इथे गप्प बसते, कारण ‘इफ’च्या अटीतले अपयश हे अपयश धरायचे नाही असाच नियम आहे. डेबियनवर ती चाचणी लिहिल्या दिवसापासून एकदाही चाललेली नव्हती आणि रोज हिरवी दिसत होती. शेलचेकने तिच्यावर एससी३०१० टाकला : पॉझिक्स या मानकाच्या शेलमध्ये हा कंस नाही. दुरुस्तीला अर्धा मिनिट लागला. दुरुस्तीनंतर चाचणी प्रथमच डेबियनवर चालली आणि तत्काळ नापास झाली, कारण मूळ प्रोग्राममध्ये खरोखरच दोष होता.

आता तक्रारींकडे वळतो, कारण त्याही थोड्याथोडक्या नाहीत.

शेलचेकचे शेरे त्रुटी, इशारा, माहिती आणि शैली अशा चार पायऱ्यांत विभागलेले असतात. जुन्या प्रकल्पात तो पहिल्यांदा लावला की शेकडो शेरे अंगावर येतात, आणि मग बहुतेक जण सीआयमध्ये ‘इशारा आणि त्याहून गंभीर तेवढेच दाखव’ असा पर्याय देऊन मोकळे होतात. मीही तेच केले होते. गंमत अशी की अवतरण चिन्हांचा तो एससी२०८६ केवळ माहितीच्या पायरीवर आहे, म्हणजे आवाज कमी करताना सर्वांत कामाचा सूरच बंद होतो. व्हेरिएबल अवतरणात नसणे ही चाचणीच्या स्क्रिप्टमध्ये केवळ माहिती नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

ते मत कसे बनले तेही सांगतो. आमच्या चाचण्यांतल्या नमुना फाइलींची नावे सगळी इंग्रजी, लहान अक्षरांत आणि एकसलग अशी होती. प्रत्यक्षात बॅकअप घेणाऱ्या माणसाच्या फाइली अशा नसतात, म्हणून मी माझ्याच संगणकावरची काही नावे उचलली : ‘पाडवा खर्च’, ‘सोसायटी मेंटेनन्स पावती (जुनी)’, ‘आईचे रिपोर्ट’. पहिल्याच दिवशी अकरा चाचण्या पडल्या. देवनागरी अक्षरांनी त्रास दिला नाही. त्रास दिला तो दोन शब्दांमधल्या जागेने, कारण अवतरण नसलेले व्हेरिएबल त्या जागेवर तुटते आणि ‘पाडवा’ नावाची एक आणि ‘खर्च’ नावाची दुसरी फाइल शोधत बसते. या अकरापैकी नऊ ठिकाणी शेलचेकचा शेरा आधीपासूनच होता, फक्त तो माहितीच्या पायरीवर असल्यामुळे आमच्या सीआयमध्ये झाकलेला होता. दहावे ठिकाण एलएस या, फाइलींची नावे दाखवणाऱ्या आज्ञेच्या छापील यादीवर लूप फिरवण्याचे होते, ज्याला शेलचेक थेट त्रुटीच म्हणतो, पण त्या फाइलीत कोणीतरी तपासणी बंद करून ठेवली होती.

अकरावे ठिकाण त्याला दिसलेच नाही आणि दिसणेही शक्य नव्हते. ती चाचणी बॅकअपमधल्या फाइलींची यादी सॉर्ट करून अपेक्षित यादीशी ताडून पाहत होती. सॉर्टचा क्रम लोकेलवर, म्हणजे संगणकाच्या भाषा-प्रदेशाच्या मांडणीवर, ठरतो. माझ्या लॅपटॉपवरच्या लोकेलमध्ये एक क्रम, चाचण्या चालतात त्या कंटेनरमध्ये (बंदिस्त वातावरणात) लोकेल ठरवलेले नसल्यामुळे निव्वळ बाइटांच्या हिशेबाने दुसरा क्रम, आणि कॅपिटल अक्षरे तिथे आधी. स्क्रिप्टच्या माथ्यावर एलसी ऑल हे व्हेरिएबल सी असे ठरवून टाकल्यावर प्रश्न मिटला. शेलचेक व्याकरण पाहतो, हेतू पाहत नाही, आणि त्याने तसा दावाही कधी केलेला नाही. तसेच ‘पाच सेकंद थांब आणि मग बघ’ अशा स्लीपवर उभ्या असलेल्या चाचण्या त्याच्या दृष्टीने निर्दोष असतात. दुपारी पास आणि रनरवर ताण असताना नापास होणाऱ्या आमच्या बहुतेक चाचण्यांचे मूळ अशा स्लीपमध्येच निघाले.

आज्ञेचा निकाल झाकला जाण्याच्या ज्या आजाराचे वर्णन मी केले, त्यावरच्या सर्वांत प्रभावी गोळ्या शेलचेकने कपाटात ठेवल्या आहेत, ही माझी दुसरी तक्रार आहे. २०२१ च्या ०.८.० या आवृत्तीत दोन ऐच्छिक तपासण्या आल्या. त्यांतली एक, एखादे फंक्शन ‘इफ’च्या अटीत बोलावल्यामुळे त्याच्या आतले ‘सेट, वजा ई’ निष्प्रभ होते तेव्हा सांगते, आणि दुसरी, निकाल गिळला जाण्याच्या इतर जागा दाखवते. दोन्ही मुळात बंद असतात. त्या शेलचेक-आरसी या फाइलीत नावानिशी चालू कराव्या लागतात. सर्वसाधारण स्क्रिप्टांसाठी त्या बडबड्या आहेत हे मान्य, परंतु चाचण्यांसाठी त्या मूळपासून चालू असायला हव्या होत्या. सुदैवाने शेलचेक ही फाइल स्क्रिप्टच्या डिरेक्टरीपासून वर वर शोधत जातो, त्यामुळे ती फक्त चाचण्यांच्या डिरेक्टरीत ठेवून बाकीच्या प्रकल्पाला त्या बडबडीतून वाचवता येते. आम्ही तसेच केले आहे.

आवृत्त्यांच्या फरकाचा त्रास नव्या माणसाला सर्वाधिक होतो. उबंटू २२.०४ मध्ये ०.८.० मिळतो, डेबियन १२ मध्ये ०.९.०, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत नवे शेरे असतात. साहजिकच स्वतःच्या यंत्रावर स्वच्छ निघालेली स्क्रिप्ट सीआयमध्ये लाल होते आणि पाठवणारा गोंधळतो. विशेषतः ०.९.० मध्ये आलेल्या एससी२३१७ ने, म्हणजे ‘ही ओळ कधीच चालणार नाही’ या शेऱ्याने, आमचा बराच वेळ घेतला, कारण आमच्या चाचण्यांची फंक्शने नावाने, अप्रत्यक्षपणे बोलावली जातात आणि शेलचेकला ते कळत नाही. फंक्शनमधल्या ओळीमागून ओळीखाली तोच शेरा छापलेला दिसे. यावर उपाय एकच : सीआयमध्ये एक ठरावीक आवृत्ती बांधून घ्यावी आणि ती वाढवायची तेव्हा स्वतंत्र बदल म्हणून, सवडीने वाढवावी. प्रकल्पाकडून लिनक्ससाठी स्वयंपूर्ण बायनरी मिळते, ती यासाठी उत्तम. आर्च लिनक्सच्या भांडारातून घेतल्यास हॅस्केलची भरपूर पॅकेजे बरोबर येतात आणि एवढ्याशा साधनासाठी एवढा गोतावळा कशाला, असा प्रश्न पडतो.

शेरा बंद करण्याची सोयही जपून वापरावी लागते. विशिष्ट ओळीच्या वर टिप्पणीत क्रमांक लिहून तो शेरा त्या ओळीपुरता बंद करता येतो. पण तीच टिप्पणी फाइलीच्या माथ्यावर, पहिल्या आज्ञेच्या आधी लिहिली, तर ती संपूर्ण फाइलीला लागू होते. विक्रोळीचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी आमच्या प्रकल्पात मनापासून काम करतो. त्याने एका ओळीसाठी हवी असलेली टिप्पणी नीटनेटकेपणाच्या भरात माथ्यावर नेऊन ठेवली होती, आणि वर उल्लेखलेली दहावी चाचणी झाकली गेली ती त्यामुळेच. मी विचारले तेव्हा त्याने अगदी निरागसपणे विचारले, “दादा, टिक हिरवी आली होती ना, मग परत कशाला बघायचं?” मी त्याला टेबलाची आणि वायरीची गोष्ट सांगितली. तेव्हापासून आमच्याकडे नियम असा आहे की शेरा बंद करायचा, तर त्याच टिप्पणीच्या वरच्या ओळीत कारण लिहायचे, आणि कारण लिहिता येत नसेल तर शेरा बंद करायचा नाही.

सीआयच्या यामल (टप्पे सांगणाऱ्या) फाइलीत थेट लिहिलेल्या आज्ञा शेलचेकला दिसत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. गिटहब अ‍ॅक्शन्स वापरणाऱ्यांसाठी अ‍ॅक्शनलिंट नावाचे साधन त्या आज्ञा बाहेर काढून शेलचेककडे देते आणि ते चांगले चालते. आम्ही मात्र यामलमध्ये प्रत्येक टप्प्याला एकच ओळ ठेवतो, जी एक स्क्रिप्ट बोलावते. बाकी सगळे त्या स्क्रिप्टमध्ये. यामुळे स्क्रिप्ट शेलचेकच्या नजरेत राहते आणि घरच्या यंत्रावर जशीच्या तशी चालवून पाहता येते. मुक्तस्रोत प्रकल्पांना फुकट चालणाऱ्या सेवा अटी बदलतात, तेव्हा याचा खरा फायदा कळतो. २०२० च्या अखेरीस ट्रॅव्हिस सीआयने मुक्तस्रोत प्रकल्पांसाठीची आपली रचना बदलल्यावर पुष्कळ प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावे लागले, आणि ज्यांचे सामान स्क्रिप्टांत बांधलेले होते त्यांचे हलवणे सोपे गेले.

पर्याय म्हणून पाहायचे तर बॅशचा स्वतःचा वाक्यरचना तपासण्याचा पर्याय आहे, पण तो फक्त न लागलेले कंस आणि न मिटलेली अवतरणे पकडतो. डेबियनच्या डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेजमधले चेकबॅशिझम्स दुहेरी कंसांसारख्या बॅशच्या खास गोष्टी शोधते, त्यापलीकडे जात नाही. एसएचएफएमटी मांडणी सुधारते आणि ते शेलचेकच्या जोडीला असावे, बदली म्हणून नव्हे. बॅट्स या बॅश-चाचण्यांच्या साधनात लिहिलेल्या चाचण्याही शेलचेकला वाचता येतात, त्यामुळे त्या दोहोंत निवड करण्याचा प्रश्नच येत नाही.

ज्यांच्याकडे एखाद-दुसरी वीस ओळींची स्क्रिप्ट आहे त्यांनी शेलचेकचे संकेतस्थळ उघडून ती तिथे चिकटवावी, तेवढे पुरे. ज्यांच्याकडे इतरांनी लिहिलेल्या, वर्षानुवर्षांच्या, वेगवेगळ्या लिनक्सांवर चालणाऱ्या चाचण्या आहेत, त्यांनी त्याला सीआयच्या पहिल्याच टप्प्यात, माहितीच्या पायरीसह, निकालात अडवणारा म्हणून बसवावे. आणि जुने शेरे एकदम निस्तरण्याऐवजी ज्या फाइलीला हात लागेल तेवढी फाइल साफ करत जावे. आम्हाला चाळीसएक फाइलींसाठी असे करत सुमारे सात महिने लागले. डेस्कटॉप अजून त्याच टेबलावर आहे, डिस्कची वायर आता चिकटपट्टीने बांधलेली आहे, आणि शेरा बंद करणाऱ्या टिप्पण्यांपैकी दोन अजून अशा आहेत की ज्यांच्या वर कारण लिहिलेले नाही. दोन्ही माझ्या आहेत.